कोपरा फाडलेलं कार्ड

नवरा तीस पावलांवर बसून भाकर खात होता आणि इकडे मी त्याच्या बायकोला विधवा करत होते. माझ्या हातात लोखंड कापायची आरी होती, गळ्यात शिट्टी होती आणि डोळ्यांवर चष्मा. चष्म्याला नंबर नव्हता. बावीस वर्षांच्या पोरीचं म्हातारी माणसं ऐकत नाहीत म्हणून मी यवतमाळच्या बाजारातून साध्या काचेचा घेतला होता. आज खरा जाड नंबर आहे, तर घरात कुत्रंही ऐकत नाही.

नातवंडं विचारतात, आजी, तरुणपणी तू कशी होतीस? मी म्हणते, मूर्ख होते. ती हसतात. आजीला गंमत करायची सवय आहे, असं त्यांना वाटतं. सवय आहेच, पण ही गंमत नव्हे. त्या एका हिवाळ्याचा राग अजून माझ्या अंगात आहे. निम्मा दुसऱ्यांवर आहे, निम्मा त्या शिट्टीवालीवर.

महाराष्ट्र होऊन दीडेक वर्ष झालं होतं. नागपूरला सहा महिन्यांचा शुश्रूषेचा वर्ग करून मी परतले आणि मला नोकरी लागली ती आर्णी रोडवरच्या एका बंद पडलेल्या जिनात. जिन म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना. मालकांनी धंदा बंद केला आणि आवार निराधार म्हाताऱ्यांसाठी देऊन टाकलं. फाटकावरच्या पाटीवर संस्थेचं नाव इतकं लांबलचक होतं की अख्खं गाव त्याला ‘म्हाताऱ्यांचं जिन’ म्हणायचं. दोन लांब टिनाचे शेड होते, एक पुरुषांचा, एक बायकांचा, आणि मध्ये अंगण. छपराला आधार देणाऱ्या कैच्यांना जुना कापूस चिकटून राहिलेला होता. वारं सुटलं की तो खाली यायचा आणि तीस माणसं एकदम शिंकायची.

निराधार हा पाटीवरचा शब्द होता. आत आल्यावर मला कळलं, की तीसातल्या वीस जणांना मुलं होती.

मी रुजू व्हायच्या आठवडाभर आधी फाटकाजवळ एका म्हाताऱ्याला ट्रकचा धक्का लागून त्याचा पाय मोडला होता. संस्थेचे चिटणीस शहरातले वकील होते, दर शनिवारी टांग्यानं यायचे. त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, “बाई, सुरक्षितता! पुन्हा असं काही झालं तर वर्तमानपत्रात येईल.” म्हाताऱ्याच्या पायाचं पुढं काय झालं, हे त्यांनी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. मला तो शब्द इतका आवडला की मी घरी जाऊन पाटीवर नियम लिहायला बसले. अठरा झाले. ओल्या पायानं चालू नये. खाटेखाली निखारे ठेवू नयेत. अंगावर अडकेल, रुतेल असं काही घालू नये. भेटीला येणाऱ्यांनी महिन्याच्या पहिल्या रविवारीच यावं. आणि सर्वांत वर, खडूनं दोनदा गिरवून: फाटकापाशी बसू नये.

फाटकापाशी काय होतं ते सांगते, कारण मला ते तेव्हा दिसलं नव्हतं. नंबर नव्हता ना!

दिवाळी झाली की आर्णीकडून कापसाच्या बैलगाड्या यवतमाळच्या बाजाराला निघायच्या. सकाळपासून रांग. आमची म्हातारी मंडळी फाटकाच्या गजांना धरून उभी राहायची आणि ओरडायची.

“कोन्त्या गावची गाडी व्हय?”

“चिखलाच्या नाल्यापलीकडली!”

“नाल्याले पानी हाय का अजून?”

“हाय ना, गुडघ्याएवढं!”

“आमच्या पाटलाची म्हैस व्याली का रे?”

“ते तं मेली, बाबा!”

“म्हैस का पाटील?”

असं दिवसभर चालायचं. कोण बाळंत झाली, कुणाच्या विहिरीला पाणी लागलं, कुणाच्या तुरीवर अळी पडली, सगळं गजांतून आत यायचं. मी त्याला गोंधळ म्हणाले. फाटकाला कुलूप घातलं, फाटकाच्या आत दहा हातांवर चुन्याची रेघ मारली, आणि रेघेपलीकडे पाऊल पडलं की शिट्टी. त्याऐवजी रोज चारला मी करमणुकीचा तास ठेवला. त्यात मी वर्तमानपत्र वाचून दाखवायची. पहिल्या दिवशी एकानं विचारलं, “यात आमच्या नाल्याचं काही हाय का?” मी म्हटलं, “नाही बाबा, यात दिल्लीचं आहे.” तो म्हणाला, “दिल्लीले कोन वळखते?” आणि झोपला. बसल्या बसल्या, तोंड उघडं टाकून. मी वहीत लिहिलं: करमणूक समाधानकारक.

बायकांच्या शेडमध्ये तांड्यावरची एक म्हातारी होती. बंजाऱ्यांची. आरशांचे तुकडे लावलेली ओढणी, घेरदार लेहंगा, आणि दोन्ही हात मनगटापासून काखेपर्यंत हाडाच्या पांढऱ्या बांगड्यांनी भरलेले. तिचा नवरा समोरच्या शेडमध्ये. नवरा-बायकोला एकत्र ठेवायचं नाही, असा संस्थेचा नियम माझ्याही आधीचा. मुलगा पांढरकवड्याकडे जंगलाच्या कामावर गेला होता, उन्हाळ्यात नेतो म्हणून दोघांना ठेवून गेला, आणि तो उन्हाळा काही उगवला नव्हता. दोघं दिवसभर आपापल्या शेडच्या दारात समोरासमोर बसायची. बोलायची नाहीत. तो हात वर करायचा. ती बांगड्या वाजवायची.

एकदा ती न्हाणीत घसरली. डावा दंड सुजला आणि कोपराच्या वरच्या बांगड्या मांसात रुतल्या. त्या काढायला हव्या होत्या, हे खरं. पण मी कशा काढल्या ते ऐका. कुणाला विचारलं नाही. तिच्या नवऱ्याला हाक मारली नाही. ती तिच्या बोलीत ओरडत होती, “मत काट, याडी, मत काट!” याडी म्हणजे आई, इतकं मला कळायचं. ऐंशीची बाई बावीसच्या पोरीला आई म्हणून विनवत होती, आणि मी म्हणत होते, “आजी, नियम आहे.” स्वयंपाकीण बाईनं तिला धरलं आणि मी आरी चालवली. डाव्या दंडातल्या सगळ्या कापल्या. मग उजवा दंड बघितला. तो काही सुजला नव्हता. पण एकीकडे भरलेला, एकीकडे रिकामा, हे मला बरं दिसेना. आणि नियम तो नियम. उजव्याच्याही कापल्या.

आणि माझं शहाणपण तर पुढंच आहे. मनगटाकडच्या बांगड्या मी तशाच ठेवल्या. म्हटलं, बांगडी सौभाग्याची, तिला हात लावू नये. मी कारकुनाच्या घरची मुलगी. मला काय माहीत, की त्यांच्यात कोपराच्या वरचा चुडा हाच नवऱ्याचा, आणि नवरा गेला म्हणजे नेमका तेवढाच उतरवतात! हजार बांगड्यांत चूक करायची म्हटलं असतं तरी इतकी अचूक जमली नसती.

म्हातारी दोन दिवस दारात आली नाही. तिसऱ्या दिवशी आली आणि उघडे दंड घेऊन अंगणात उन्हाला बसली. त्याच वेळी तिच्या तांड्याकडची एक बाई डोक्यावर जळणाची मोळी घेऊन रस्त्यानं चालली होती. तिनं गजांतून आत पाहिलं. मोळी टाकली, तोंडावर हात घेतला आणि काहीतरी ओरडली. म्हातारी उठून फाटकाकडे निघाली. मी शिट्टी मारली. म्हातारी रेघेवर थांबली. बाहेरच्या बाईला मी सांगितलं, “भेट पहिल्या रविवारी. चला, निघा.” ती रडत रडत निघाली. मी मनात म्हटलं, किती हळव्या या बायका!

त्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी तांडा आला. दोन गाड्या, बाकीचे पायी, पन्नासेक माणसं. बायका फाटकाला कपाळ टेकवून रडत होत्या. मुलगा सगळ्यांत पुढे होता. डोकं ताजं भादरलेलं, मिशी उतरवलेली. पांढरकवड्याच्या जंगलातून रात्रंदिवस चालत आला होता म्हणे. चिटणिसांचा शनिवार होता, तेही टांग्यातून नुकतेच उतरले होते. ते मला विचारतात, “बाई, कोण वारलं?” मी म्हटलं, “कुणीच नाही.”

तेवढ्यात पुरुषांच्या शेडमधून म्हातारा बाहेर आला. न्याहारीची वेळ होती, हातात भाकरीचा तुकडा. डोळ्यांना कमी दिसायचं त्याला. गजांपाशी येऊन तो जोरात म्हणाला, “कोन मेलं व्हय?”

फाटकाला टेकलेली कपाळं एकदम वर झाली.

मग त्याच्या मुलानं गजांतून हात घातला आणि बापाचं तोंड चाचपलं. भाकरीसकट. आणि तो जो रडायला लागला, तसा मी तोवर कुणी पुरुष रडलेला पाहिला नव्हता.

तांड्याचे नाईक, म्हणजे तिथले मुखिया, कुलूप काढल्यावर आत आले. उंच, काठी टेकत. त्यांनी म्हातारीचे दंड पाहिले, मग सगळ्यांकडे पाहिलं. “कोनं काढला?” स्वयंपाकिणीनं माझ्याकडे बोट केलं. चिटणिसांनी केलं. म्हाताऱ्यांनीही केलं, आणि काही जणांनी तर मजेत केलं, शिट्टीचा सूड! नाईक माझ्यापाशी आले. आवाज चढवला नाही.

“बाई,” ते म्हणाले, “आमच्यात मानूस आंधी मरते, मंग चुडा उतरते. तू उलटं केलं. आता त्याले मारून बी टाक, म्हंजे तुहं काम पुरं होईन.”

मग ते मुलाकडे वळले आणि त्याला त्यांच्या बोलीत पाच मिनिटं जे काही ऐकवलं, ते मला शब्दानं कळलं नाही, पण भादरलेल्या डोक्यावर शब्द कसे आपटतात ते दिसलं. मेलेल्यासाठी चार दिवसांत येतोस, जिवंतासाठी तीन वर्षं रस्ता सापडला नाही का, असंच ते असणार. मुलानं आईला पाठुंगळीला घेतलं आणि गाडीत ठेवलं. बापाला नाइकांनी स्वतः चढवलं. एका गाडीत, शेजारी शेजारी, संस्थेचा नियम मोडून. गाडी हलायच्या आधी म्हातारीनं मला बोटानं जवळ बोलावलं. मला वाटलं, आता थोबाडीत बसते. बसली असती तर बरं झालं असतं. तिनं माझ्या गळ्यातली शिट्टी काढून घेतली, ओढणीच्या पदराला कवड्यांमध्ये बांधली, आणि गाडी रस्त्याला लागल्यावर एकदा जोरात वाजवली. सगळं जिन हसलं. मीही हसले. मला वाटलं, सुटले.

सुटले कसली! खरा मूर्खपणा तर इथून पुढे.

आमच्यात एक मुंडासंवाले बाबा होते. आर्णीच्या पुढच्या एका खेड्यातले शेतकरी, दोन मुलं, कापसाचं आणि तुरीचं वावर. मोतीबिंदूचं ऑपरेशन करू, आठ दिवसांत नेऊ, असं म्हणून मुलांनी त्यांना आणून सोडलं होतं. ऑपरेशन झालं नाही. आठ दिवसांना दोन वर्षं झाली होती. बाबा रोज पहाटे उठून वावरात निघाल्यासारखं मुंडासं बांधायचे आणि फाटकापाशी जायचे. त्यांच्या गावचा एक गाडीवान कापसाच्या दिवसांत तिथून जायचा. त्याला ते मुलांचं कधी विचारायचे नाहीत. बैलांचं विचारायचे, विहिरीचं, कापूस कसा फुटला त्याचं. मी रेघ मारल्यापासून ते रेघेच्या अलीकडे नुसते उभे राहायचे. आणि तांड्याचा तो प्रकार झाल्यावर चिटणिसांनी फाटकाला दुसरं कुलूप लावलं, वरून टिनाचा पत्रा ठोकून घेतला. आता रस्ता दिसायचाही बंद झाला.

तांडा गेला त्या संध्याकाळी पुरुषांच्या शेडमध्ये हशा चालला होता.

“बाई, माह्या बी घरी धाड सांगावा, म्हातारा गेला म्हून!”

“माह्यावाला दोनदा धाड, माहे पोट्टे बहिरे हायेत!”

“अबे, तुह्या पोट्ट्यांले कळलं तं पेढे वाटतीन ते.”

सगळे खोकेपर्यंत हसले. मुंडासंवाले बाबा हसले नाहीत. सोमवारी सकाळी ते माझ्या टेबलापाशी आले. “बाई, ते हसून राह्यलते. मी खरं म्हनून राह्यलो. त्याचा पोरगा आला ना? बापाचं तोंड चाचपलं ना त्यानं?”

मला नाही म्हणता आलं असतं. पण मी तेव्हा रागानं फुगलेली होते. वीस जणांच्या मुलांवरचा राग, नाइकांनी केलेल्या अपमानाचा राग, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे चूक भरून काढायची हौस. मी टेबलाच्या खणातून पोस्टकार्ड काढलं आणि लिहायला लागले. ‘आपले वडील काल सकाळी शांतपणे वारले.’ मी मोठ्यानं म्हणत लिहीत होते. समोर मेलेला माणूस बसून शेंगा सोलत होता.

“शांतपने कायले?” तो म्हणाला. “लिही, लय तरास झाला. पोट्टे रडले पाह्यजेत.”

मी ‘शांतपणे’ हा शब्द खोडला. फार हाल झाले, लिहिलं. त्वरित यावे, लिहिलं. त्याखाली संस्थेचा शिक्का मारला, दाबून, गोल उमटेल असा. आणि मरणाच्या पत्राचा कोपरा फाडायची रीत असते, म्हणजे पोस्टमन हातात देतानाच घरच्यांना कळतं, तसा मी त्या कार्डाचा वरचा कोपरा माझ्या नखांनी फाडला. बाबांनी तो तुकडा मागून घेतला, उजेडात धरला आणि मुंडाशात खोचला.

त्यानंतरचे दिवस मी कशी होते, ते आठवलं की मला त्या पोरीचे कान उपटावेसे वाटतात. मी आरशासमोर चष्मा लावून भाषण पाठ करत होते. मुलं रडत येतील, बाप समोर दिसेल, मग मी मध्ये उभी राहून म्हणेन, ‘जन्मदात्याला विसरणाऱ्यांनो!’ पुढचं मी तीनदा बदललं. बाबांनी न्हाव्याकडून दाढी करून घेतली. धोतर धुऊन वाळवलं. गाठोडं बांधून ठेवलं, त्यात एक पितळी तांब्या आणि नातवासाठी जपलेल्या बोरांची पुरचुंडी. फाटकाच्या पत्र्याकडे तोंड करून ते बसायचे. रस्ता दिसत नव्हता, तरी बैलांच्या घुंगरांवरून ते गाडी ओळखायचे. “हे आपली नाही. हे बी नाही.”

चार दिवस गेले. आठ गेले. बाराव्या दिवशी कार्ड आलं.

मी ते आधी एकटीनं वाचलं. वाचून पदरात लपवलं. पण बाबांचे डोळे अधू होते, कान नव्हते.

“पोस्टमन आलता ना, बाई? वाच.”

मी कार्ड हातात धरलं आणि मनाचंच काहीतरी वाचायला लागले. “तीर्थरूप बाबांना शिरसाष्टांग नमस्कार...”

“मेलेल्या मानसाले तीर्थरूप कोन लिहिते व बाई?” ते म्हणाले. “जे हाय ते वाच.”

जे होतं ते असं होतं. आपलं पत्र पावलं. वडील वारल्याचं कळून वाईट वाटलं. सध्या कापसाची वेचणी चालू असल्यानं येणं होत नाही. क्रियाकर्म तिकडेच उरकून घ्यावं. मृत्यूचा दाखला मात्र शिक्क्यासह पोस्टानं लवकर धाडावा, वावर नावावर करण्यास पटवाऱ्याकडे लागतो. कळावे.

त्यांनी पुन्हा वाचायला सांगितलं. मी वाचलं. “वेचनीचं वाच,” ते म्हणाले. मी तेवढंच वाचलं.

“म्हंजे दुसरी वेचनी चालू असन,” ते म्हणाले. “औंदा कापूस बरा फुटला म्हनायचा.” मुंडासं डोक्यावरून काढून त्यांनी मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, “वावर माह्या नावावर हाय. माह्या बापानं तोडलेलं वावर हाय ते, जंगल तोडून. त्याईले लिहून टाक बाई, म्हातारा जित्ता हाय.”

मी लिहायला बसले. पण शिक्का हवा होता, आणि तांड्याच्या प्रकारामुळं शिक्का चिटणिसांनी मधल्या शनिवारी स्वतःकडे नेला होता. शनिवारी मी त्यांना सगळं सांगितलं. माझ्या कार्डाचंही सांगितलं. मला वाटलं, ओरडतील. ते ओरडले नाहीत, आणि ते जास्त वाईट होतं. त्यांनी पान लावलं, काताचा डाग पुसला आणि म्हणाले, “बाई, एकदा संस्थेनं शिक्का मारून माणूस मेला म्हटलं. आता त्याच शिक्क्यानं जिवंत म्हटलं, तर संस्थेला काय म्हणतील? पुढच्या महिन्यात सरकारी पाहणी आहे.”

“पण तो जिवंत आहे!”

“किती वर्षांचा आहे?” त्यांनी विचारलं. “जरा थांबा. तुमचं पहिलं पत्र आपोआप खरं होईल.”

हे वाक्य मी साठ वर्षं चावते आहे, अजून गिळलं गेलेलं नाही. पण खरी चीड त्यांच्यावर नाहीच. वकील तो, त्याच्याकडून आणखी काय यायचं? चीड माझ्यावर आहे. कारण मी काय केलं? भाषण पाठ असलेली, जन्मदात्याला विसरणाऱ्यांना झापणारी मी, “बरं,” म्हणाले. नोकरी होती. घरी वडील निवृत्त व्हायला आले होते. मी बरं म्हणाले आणि बाबांना सांगितलं, “लिहायचं चाललंय, बाबा. कागद वर गेलाय.”

रोज सकाळी ते टेबलापाशी येऊन उभे राहायचे. विचारायचे नाहीत. मी रजिस्टरात डोकं घालायची. मग ते जाऊन पत्र्यासमोर बसायचे. मुंडासं बांधणं त्यांनी सोडून दिलं होतं. करमणुकीच्या तासाला मी दिल्लीच्या बातम्या वाचत होते आणि माझ्यासमोर कागदोपत्री मेलेला एक माणूस हातावर हात ठेवून बसलेला असायचा.

असे एकोणीस दिवस गेले. विसाव्या दिवशी मी लिहिलं. एक पत्र मुलांना, एक त्यांच्या गावच्या पटवाऱ्याला. शिक्का नव्हता, मग दोन्हींच्या खाली मी त्या जिनातल्या प्रत्येकाचा अंगठा घेतला. काजळीत बोट बुडवून अठ्ठावीस म्हातारी माणसं रांगेत आली. “मी साक्षी हाव, हा लेकाचा जित्ता हाय, अन् रातभर घोरते,” असं म्हणत एकानं तर दोन्ही हातांचे अंगठे उमटवले. शेवटचा अंगठा बाबांचा. त्याच दुपारी मी स्वयंपाकिणीकडून कोयता घेतला आणि फाटकावरचा पत्रा उचकटून टाकला. लगेच रस्त्यावरून कुणीतरी ओरडलं, “अबे, जिन उघडलं का?” आतून तीन-चार आवाज गेले, “कोन्त्या गावची गाडी व्हय?”

नोकरी त्याच शनिवारी गेली. खोटं पत्र लिहिलं तेव्हा टिकली होती. पुढचं मला स्वयंपाकिणीनं बाजारात भेटल्यावर सांगितलं. पटवाऱ्यानं नाव काढलं नाही, वावर बाबांच्याच नावावर राहिलं. धाकटा मुलगा एकदा येऊन गेला. आत आला नाही. गजांतून बापाकडे बघितलं, बाप आहे याची खात्री केली. बाबांनी त्याला विचारलं, तिसरी वेचणी आटोपली का, आणि बोरांची पुरचुंडी गजांतून दिली. पोरानं ती घेतली आणि गेला. बाबा दोन वर्षांनी तिथेच गेले, या वेळी खरेच. त्यांच्या घरी पत्र कुणी लिहिलं, कोपरा कुणी फाडला, मला माहीत नाही. मी लिहिलं नाही.

पण त्या विसाव्या दिवशी मला एकाएकी धीर फुटला, असं कुणाला वाटायला नको. धीर वगैरे काही नव्हता. त्या सकाळीही बाबा टेबलापाशी येऊन उभे राहिले होते आणि मीही रजिस्टरात डोकं घालून बसले होते. फक्त या वेळी ते गेले नाहीत. त्यांनी तो कार्डाचा फाडलेला तुकडा, इतके दिवस जपून ठेवलेला, माझ्या रजिस्टरावर ठेवला आणि म्हणाले:

“मेलो म्हून तं तुनं बसल्या बसल्या लिहिलं, बाई. जित्ता हाव म्हून लिहाले काहून इतले दिवस लागून राह्यले?”